दोन वाटा, दोन पत्ते

एखाद्या कार्यालयाने १०० एमबीपीएस वेगाची फायबर जोडणी घेतली आणि तिच्या जोडीला दुसऱ्या कंपनीची ५० एमबीपीएसची जोडणी घेतली, तर दोन्ही मिळून १५० एमबीपीएस वेग मिळावा ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी ती सहसा पुरी होत नाही. दोन नळ एकाच हौदात सोडले की हौद लवकर भरतो, कारण आपण कोणत्या नळातून आलो याची पाण्याला फिकीर नसते. इंटरनेटवरील माहितीचे मात्र तसे नाही. एखादी फाइल कोणत्या वाटेने मागवली गेली हे तिथे पलीकडच्या टोकाला ठाऊक असते, आणि मध्येच वाट बदलली तर ते टोक मागणाऱ्याला ओळखच देत नाही. एकाहून अधिक जोडण्यांवर भार वाटून देण्याच्या तंत्रात, ज्याला व्यवहारात लोड बॅलन्सिंग म्हणतात, गेल्या पन्नास वर्षांत जे उपाय निघाले त्यांपैकी बहुतेकांची गरज एकाच कारणाने पडली : इंटरनेटवर पत्ता आणि ओळख या दोन गोष्टी एकच मानल्या गेल्या.

ही अडचण थोडी चमत्कारिक वाटते, कारण अनेक वाटा असणे हीच या जाळ्यामागची मूळ कल्पना होती. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी, आणि लवकरच ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे, संदेशाचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा सुटा पाठवण्याची पद्धत सुचवली. या तुकड्यांना पॅकेट हे नाव डेव्हिस यांनी दिले. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, वाटेतील प्रत्येक राउटर, म्हणजे पॅकेट पुढे ढकलणारे यंत्र, सर्वसाधारणपणे केवळ घेणाऱ्याचा पत्ता वाचून पुढचा टप्पा ठरवते, आणि एक वाट तुटली तर पॅकेटे दुसऱ्या वाटेने जातात. जाळ्याच्या आतल्या भागात हे रोजचेच आहे. जाळ्याच्या काठावर, जिथे एखादे घर, शाळा किंवा कार्यालय त्याला जोडले जाते तिथे, ही लवचिकता एकाएकी संपते.

तिचा अभाव प्रथम जाणवला तो इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच. त्या जाळ्यावरील प्रत्येक संगणक आयएमपी नावाच्या एका लघुसंगणकाला जोडलेला असे, आणि संगणकाचा पत्ता म्हणजे त्या आयएमपीचा क्रमांक व त्यावरील ज्या खोबणीत तार बसवली आहे तिचा क्रमांक. जाळ्यांच्या रचनेचे अभ्यासक जॉन डे यांनी नोंदवल्याप्रमाणे, १९७२मध्ये ओक्लाहोमा राज्यातील टिंकर हवाई तळ या जाळ्यात सामील होत असताना त्याला खबरदारी म्हणून दोन वेगवेगळ्या आयएमपींशी जोडणी हवी होती, आणि तेव्हा ध्यानात आले की तसे केल्यास जाळ्याला तिथे एक संगणक दोन तारांनी जोडलेला दिसणार नाही, तर दोन निरनिराळे संगणक दिसतील. एखाद्या घराला पुढच्या आळीतून एक आणि मागच्या आळीतून एक अशी दोन दारे असावीत, पण टपालवाल्याच्या वहीत पत्ता घराचा नसून दाराचा लिहिलेला असावा, म्हणजे पुढचे दार बंद दिसताच मागचे उघडे असूनही पत्र परत जावे, तसाच हा प्रकार. १९७८मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील जॉन शॉक यांनी एका टिपणात नाव, पत्ता आणि मार्ग या तीन कल्पना नेमकेपणाने वेगळ्या केल्या : आपल्याला काय हवे ते नाव, ते कुठे आहे तो पत्ता, तिथे कसे पोचायचे तो मार्ग. रोग असा वेळीच ओळखला गेला होता. तरीही १९८१मध्ये आयपी आणि टीसीपी या नियमावलींची जी रूपे निश्चित झाली, त्यांत पत्ता पूर्वीप्रमाणेच यंत्राला नव्हे, तर यंत्राच्या जाळ्याशी असलेल्या एकेका सांध्याला चिकटून राहिला.

टीसीपी ही दोन संगणकांमधील संवाद विश्वासार्ह करणारी नियमावली. तुकडे क्रमाने लावणे, हरवलेले पुन्हा मागवणे आणि वाटेवर गर्दी दिसली की वेग उतरवणे ही तिची कामे. एकाच वेळी चालणारे हजारो संवाद एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती प्रत्येक संवाद दोन्ही टोकांचे आयपी पत्ते आणि दोन्ही टोकांचे पोर्ट क्रमांक या चार आकड्यांनी ओळखते. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रातील वेगवेगळ्या कामांना दिलेला ० ते ६५,५३५ यांमधील क्रमांक. कोणती नियमावली वापरात आहे हे धरले तर पाच बाबी होतात, आणि या पाचांनी ठरणाऱ्या पॅकेटांच्या ओळीला प्रवाह म्हणतात. यांपैकी एकही आकडा बदलला तर पलीकडच्या यंत्राच्या लेखी तो संवाद वेगळा ठरतो.

आता वरच्या कार्यालयाकडे पाहिले तर घोटाळा स्पष्ट होतो. आतील संगणकांना खासगी पत्ते असतात आणि बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी सेवादात्याने दिलेला सार्वजनिक पत्ता लिहितो. या पत्ताबदलाला नॅट म्हणतात. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात आणि ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४मध्ये ही युक्ती प्रथम लेखी स्वरूपात मांडली गेली. दोन सेवादाते म्हणजे दोन सार्वजनिक पत्ते. एखाद्या संवादाची पहिली पॅकेटे पहिल्या जोडणीवरून गेली आणि पुढची दुसऱ्या जोडणीवरून, तर दूरच्या सर्व्हरला मधूनच एक अनोळखी पत्ता बोलू लागलेला दिसतो, आणि असा कोणताही संवाद आपल्याकडे चालू नाही असे कळवून तो ती पॅकेटे नाकारतो. त्यामुळे नॅट करणाऱ्या राउटरला प्रत्येक प्रवाह सुरू होताना एकदाच वाट निवडावी लागते, त्या निवडीची नोंद स्वतःच्या तक्त्यात ठेवावी लागते आणि प्रवाह संपेपर्यंत ती पाळावी लागते. एक फाइल म्हणजे बहुधा एक प्रवाह, आणि म्हणून ती एकाच जोडणीच्या वेगाने उतरते.

पत्त्याचा प्रश्न नसता तरी एकेक पॅकेट आळीपाळीने दोन वाटांवर टाकणे सोपे ठरले नसते. एका वाटेचा विलंब २० मिलिसेकंद आणि दुसरीचा ६० असेल, तर उशिरा निघालेली पॅकेटे आधी पोचतात आणि क्रम विस्कटतो. पलीकडचे यंत्र क्रमातील ज्या पॅकेटची वाट पाहत असते तेच हवे असल्याचे उत्तर पुन्हा पुन्हा पाठवू लागते, आणि पारंपरिक टीसीपीत अशी तीन जादा उत्तरे आली की पाठवणारे यंत्र ते पॅकेट हरवलेच असे धरून ते पुन्हा पाठवते व वाटेवर गर्दी झाली या समजुतीने आपला वेगही साधारण निम्म्यावर आणते. पॅकेट हरवलेले नसते, मागून येत असते. दोन वाटांचा उपयोग करायला जावे आणि एका वाटेपेक्षाही कमी वेग पदरात पडावा, असे यातून घडू शकते.

दोन्ही तारा पलीकडे एकाच सेवादात्याच्या एकाच यंत्रात संपत असतील तेव्हा मात्र हे जमते. आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन सेवेत ग्राहकाला प्रत्येकी ६४ केबीपीएसच्या दोन वाहिन्या मिळत, आणि १९९०च्या दशकात आलेल्या मल्टिलिंक पीपीपी या पद्धतीने त्या जोडून १२८ केबीपीएसची एक वाट करता येई. पॅकेटांच्या तुकड्यांवर क्रमांक घालून ते दोन्ही वाहिन्यांवर पाठवायचे आणि पलीकडे क्रमाने लावून मगच पुढे द्यायचे, एवढीच तिच्यातील करामत होती. याला जोडण्यांचे एकत्रीकरण किंवा बाँडिंग म्हणतात. बाजारात दोन सेवादात्यांच्या तारा एका पेटीत खोचून बाँडिंग केल्याचे सांगितले जाते तेव्हा ते बहुतेक वेळा केवळ प्रवाहांचे वाटप असते. या दोन शब्दांची गल्लत ग्राहकाच्या निराशेचे सर्वांत मोठे कारण असावे.

प्रवाहांचे वाटप तिरस्कार करण्याजोगे मुळीच नाही. पन्नास माणसे एकाच वेळी काम करत असतील तर शेकडो प्रवाह चालू असतात, आणि त्यांतील दोनतृतीयांश मोठ्या जोडणीवर व एकतृतीयांश लहान जोडणीवर सोडले की दोन्ही तारा बऱ्यापैकी भरतात. कोणता प्रवाह कुठे जाईल हे ठरवण्यासाठी हॅशिंगचा वापर होतो : वर सांगितलेल्या पाच बाबींवर एक ठरावीक गणिती क्रिया करून एक आकडा काढायचा आणि तो कोणत्या पट्ट्यात पडतो त्यावरून वाट नेमायची. एका प्रवाहाच्या सर्व पॅकेटांचा आकडा एकच येत असल्याने ती एकाच वाटेने जातात. ही पद्धत प्रवाह मोजते, त्यांचे वजन नव्हे. शंभर लहान प्रवाह एका तारेवर आणि रात्रभर चालणारी साठ्याची प्रत दुसऱ्या तारेवर आली, तर कागदावर समतोल असलेले वाटप प्रत्यक्षात पार कललेले असते. जिथे माणसे थोडी आणि कामे जड असतात, तिथे हा दोष अधिक टोचतो.

लिनक्स प्रणालीच्या इतिहासातील एक प्रसंग या संदर्भात उद्बोधक आहे. जुन्या लिनक्समध्ये एकदा निवडलेली वाट काही काळ लक्षात ठेवणारा एक साठा होता आणि त्यामुळे अनेक वाटा दिल्या तरी एकाच ठिकाणी जाणारी पॅकेटे आपसूक एका वाटेवर राहत. हा साठा सांभाळणे जड जात असल्याने २०१२मध्ये, ३.६ या आवृत्तीत, तो काढून टाकण्यात आला, आणि त्याबरोबर प्रत्येक पॅकेटसाठी वाट नव्याने निवडली जाऊ लागली. वर वर्णन केलेला क्रमभंग त्यामुळे प्रत्यक्षात उतरला. २०१६च्या जानेवारीत आलेल्या ४.४ आवृत्तीत हॅशिंग आणून ही उणीव भरून काढली गेली. समतोलाचे काम एका भलत्याच सोयीच्या आधाराने चालले होते, हे ती सोय गेल्यावरच उमगले.

प्रवाह एका वाटेवर स्थिर ठेवला तरी सारे सुरळीत होत नाही, कारण माणसाचे एक काम अनेक प्रवाहांनी बनलेले असते. बँकेच्या संकेतस्थळावर प्रवेश एका पत्त्यावरून झाला आणि पुढच्याच पानाची मागणी दुसऱ्या पत्त्यावरून आली, तर सुरक्षेसाठी पत्त्यावर नजर ठेवणारी यंत्रणा त्या ग्राहकाला बाहेर काढू शकते; म्हणून अनेक राउटरांत आतला एक संगणक आणि बाहेरचे एक ठिकाण यांच्यातील सर्व प्रवाह एकाच वाटेने नेण्याची सोय असते, आणि तेवढ्या प्रमाणात वाटपाचा काटेकोरपणा सोडून द्यावा लागतो. डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा, गुंता आणखी सूक्ष्म आहे. मोठी संकेतस्थळे आपली सामग्री जागोजागीच्या सर्व्हरांवर ठेवतात आणि विचारणा कोणत्या जाळ्यातून आली हे पाहून जवळच्या सर्व्हरचा पत्ता देतात. विचारणा पहिल्या सेवादात्याकडून गेली आणि प्रत्यक्ष मागणी दुसऱ्याकडून, तर पहिल्याला जवळचा असलेला सर्व्हर दुसऱ्याला दूर पडू शकतो, आणि दोन्ही तारा ठणठणीत असूनही चित्रफीत अडखळते.

उलट दिशेची पॅकेटेही विसरून चालत नाहीत. पहिल्या जोडणीच्या पत्त्यावर बाहेरून आलेल्या विचारणेचे उत्तर सर्वसाधारण नियमानुसार दुसऱ्या जोडणीवरून निघाले, तर त्यावर लिहिलेला पत्ता त्या दुसऱ्या सेवादात्याचा नसतो, आणि खोट्या पत्त्यांची पॅकेटे रोखण्यासाठी २०००पासून रूढ झालेल्या शिफारशीनुसार सेवादात्याने अशी पॅकेटे टाकून द्यायची असतात. प्रामाणिक ग्राहक इथे तोतयाच्या रांगेत उभा राहतो. त्यावरचा उपाय म्हणजे कुठे जायचे यावरूनच नव्हे तर कोणत्या पत्त्याने निघालो यावरूनही वाट ठरवणे. लिनक्समध्ये १९९९च्या २.२ आवृत्तीपासून एकापेक्षा अधिक मार्गतक्ते ठेवून ते करता येते.

वेगाच्या हिशेबापेक्षा पुष्कळांना दुसरी जोडणी हवी असते ती पहिली बंद पडेल या धास्तीने, आणि एक वाट गेल्यावर भार दुसरीवर हलवण्याच्या या क्रियेला फेलओव्हर म्हणतात. वाट गेली हे कसे ओळखायचे, हाच त्यातला अवघड भाग. तार तुटली तर राउटरवरचा दिवा विझतो, पण बहुतेक बिघाड इतके सरळ नसतात : तार शाबूत असते, सेवादात्याचे जवळचे यंत्र उत्तर देत असते आणि त्याच्यापलीकडे सारे शांत असते. म्हणून चाचणीची पॅकेटे जवळच्या यंत्राकडे न पाठवता दूरच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोनतीन ठिकाणी पाठवावी लागतात आणि ती सगळीच निरुत्तर राहिली तरच वाट मेली असे धरावे लागते. एका चुकलेल्या उत्तरावर निर्णय घेणारा राउटर किंचित गर्दी झाली की इकडून तिकडे उड्या मारत राहतो, आणि प्रत्येक उडीबरोबर पत्ता बदलत असल्याने चालू असलेले सगळे संवाद तुटतात. फार सावध राउटर मिनिटभर मेलेल्या वाटेवर पॅकेटे ओतत बसतो. वाट सोडताना तीन चुकांची आणि परत घेताना त्याहून अधिक यशांची अट घालणे हा व्यवहारातला मध्यम मार्ग आहे.

आणि दोन वाटा खरोखर दोन आहेत का, हेही पाहावे लागते. दोन कंपन्यांची बिले वेगळी आली तरी त्यांच्या तारा एकाच चरातून किंवा एकाच खांबावरून गेलेल्या असू शकतात, आणि जेसीबीचा फावडा कंपनी पाहून खोदत नाही. भारतात खोदकामाने अशा तारा इतक्या तुटतात की खोदण्यापूर्वी सूचना देण्यासाठी केंद्र सरकारने २०२३मध्ये एक स्वतंत्र ॲप सुरू केले. वेगळ्या मालकीच्या तारा एकाच टापूत तुटण्याचा हा प्रकार ३० जानेवारी २००८ रोजी मोठ्या प्रमाणावर घडला. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ, भूमध्य समुद्राच्या तळाशी, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन केबली काही तासांच्या अंतराने तुटल्या. दोन्हींची मालकी वेगळी, पण दोन्ही मुंबईत किनाऱ्याला लागणाऱ्या आणि दोन्ही युरोपकडे जाताना इजिप्तच्याच अरुंद पट्ट्यातून वाट काढणाऱ्या. परिणामी भारतातील इंटरनेट त्या दिवशी मोठ्या प्रमाणावर मंदावले, आणि वाहतुकीचा काही भाग पूर्वेकडून, पॅसिफिकच्या लांबच्या फेऱ्याने, वळवावा लागला. नकाशावर दोन रेघा आणि समुद्रतळाशी एकच पट्टा, असे ते होते.

बँका, विद्यापीठे, मोठे सेवादाते यांना नॅटची ही कसरत करावी लागत नाही, कारण ते स्वतःच्या मालकीचे पत्ते घेऊन येतात. भारतात असे पत्ते आणि त्यासोबतचा जाळ्याचा ओळखक्रमांक देण्याचे काम निक्सी संस्थेच्या अखत्यारीतील नोंदणी यंत्रणा करते. हे पत्ते अमुक जाळ्याकडे आहेत अशी घोषणा ते जाळे आपल्या दोन्ही सेवादात्यांमार्फत करते आणि ती बीजीपी या नियमावलीने जगभरच्या राउटरांपर्यंत पोचते. १९८९च्या जानेवारीत ऑस्टिन शहरात एका बैठकीच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवताना कागदी रुमालांवर तिचा आराखडा मांडला होता, आणि जुजबी म्हणून निघालेली ती सोय आजही अवघ्या इंटरनेटचा भार वाहत आहे. इथे पत्ता सेवादात्याचा नसल्याने एक वाट तुटली तरी संवाद तुटत नाहीत.

मात्र बीजीपीने भार वाटणे ही गोष्ट निम्मीच हातात असते. बाहेर जाणारी पॅकेटे कोणत्या वाटेने सोडायची हे त्या त्या जाळ्याचे स्वातंत्र्य; आत येणारी पॅकेटे कोणत्या वाटेने येतील हे मात्र पाठवणारे ठरवतात, आणि त्यांना फक्त सुचवता येते. एका वाटेच्या घोषणेत स्वतःचाच क्रमांक तीनचार वेळा लिहून ती वाट मुद्दाम लांब भासवणे ही एक रूढ सूचना आहे, पण अंतरापेक्षा पैशाला महत्त्व देणारे जाळे ती खुशाल दुर्लक्षिते. पत्त्यांच्या गटाचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका वाटेवर जाहीर करणे अधिक परिणामकारक ठरते, कारण राउटर नेहमी नेमक्या, लहान गटाची घोषणा आधी मानतो. २५६ पत्त्यांहून लहान तुकडा मात्र सहसा कुणी स्वीकारत नाही. या सोयीची किंमत ती घेणारा देत नाही, सगळे जग देते, कारण प्रत्येक जादा घोषणा जगातील प्रत्येक मोठ्या राउटरच्या स्मृतीत जागा खाते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी या नोंदींची संख्या ५,१२,००० या आकड्यापलीकडे गेली तेव्हा तेवढीच क्षमता ठेवून चालणारे अनेक जुने राउटर कोलमडले. आता ती संख्या ९ लाखांच्याही पुढे आहे. प्रत्येक घराने आपल्या दोन जोडण्यांसाठी अशी घोषणा करायचे ठरवले तर हे जाळे एक दिवसही तग धरणार नाही.

म्हणून ओळख पत्त्यापासून सोडवण्याचा विचार पुन्हा टीसीपीपाशीच आला. २०१३मध्ये प्रयोगासाठी आणि २०२०मध्ये मानक म्हणून निश्चित झालेल्या मल्टिपाथ टीसीपीत एका संवादाखाली अनेक उपप्रवाह असतात. पहिला उपप्रवाह सुरू होताना दोन्ही टोके काही गुप्त आकड्यांची देवाणघेवाण करतात, आणि नंतर दुसऱ्या पत्त्यावरून आलेला उपप्रवाह त्या आकड्यांच्या आधारे आपण त्याच संवादाचे असल्याचे पटवून देतो. क्रमांकही दोन पातळ्यांवर असतात. एक उपप्रवाहापुरता, ज्यावरून त्या वाटेवर काय हरवले ते कळते, आणि दुसरा संपूर्ण संवादाचा, ज्यावरून माहिती शेवटी क्रमाने लावली जाते. ॲपलने २०१३मध्ये आयओएस ७मध्ये सिरी या बोलत्या साहाय्यकासाठी ही पद्धत वापरली, जेणेकरून वायफायच्या टापूबाहेर पडणाऱ्या माणसाचा प्रश्न अर्धवट राहू नये. लिनक्सच्या मुख्य प्रवाहात ती २०२०च्या ५.६ आवृत्तीपासून आहे. २०२१मध्ये मानक झालेल्या क्विक या नियमावलीनेही संवादाला पत्त्यांपासून स्वतंत्र असा ओळखक्रमांक दिला, पण तिच्या मूळ रूपात संवाद एका वाटेवरून दुसरीवर हलवता येतो, दोन्हींवर एकदम पसरवता येत नाही.

इथेही बेरीज सरळ होत नाही. २० मिलिसेकंदांच्या फायबरच्या जोडीला भूस्थिर उपग्रहाची जोडणी घेतली, जिथे ३५,७८६ किलोमीटर उंचीमुळे विचारणा जाऊन उत्तर यायलाच सुमारे अर्धा सेकंद लागतो, तर उपग्रहावरून येणाऱ्या एका तुकड्यासाठी फायबरने आलेले पुढचे सगळे तुकडे खोळंबून राहतात. कोणता तुकडा कोणत्या वाटेवर टाकायचा हे ठरवणारा भाग पुरेसा चतुर नसेल तर मंद वाट वापरण्यापेक्षा ती न वापरणेच बरे. शिवाय दोन्ही उपप्रवाह पुढे कुठेतरी एकाच अरुंद तारेवर येऊन मिळाले, तर दोन प्रवाहांच्या जोरावर शेजाऱ्यांच्या दुप्पट हिस्सा बळकावला जाऊ नये, म्हणून त्यांचे वेग एकमेकांशी बांधून ठेवावे लागतात.

सर्वांत मोठी अडचण अशी की मल्टिपाथ टीसीपी दोन्ही टोकांना यावी लागते, आणि जगातील बहुतेक सर्व्हरांना ती आजही येत नाही. त्यामुळे खरोखर १५० एमबीपीएस हवे असलेल्या कार्यालयाला एखाद्या डेटा सेंटरमध्ये आपले एक यंत्र ठेवावे लागते : कार्यालयातील पेटी आपली सारी पॅकेटे दोन्ही वाटांवर पसरून त्या यंत्राकडे पाठवते, ते यंत्र त्यांना क्रमाने लावते आणि स्वतःच्या एकमेव पत्त्यावरून पुढे सोडते. बँकेला तिथून एकच ग्राहक दिसतो, फाइल दोन्ही तारांच्या वेगाने उतरते, आणि एक तार तुटली तरी चित्रसंवाद थांबत नाही. त्या बदल्यात प्रत्येक पॅकेटला वाकडी वाट करून डेटा सेंटरमध्ये जावे लागते, आणि तिथले ते एक यंत्र बंद पडले की दोन्ही जोडण्या चालू असूनही कार्यालयाला बाहेर पडायला वाट उरत नाही.